मचाणावरची रात्र कुठल्या रकान्यात लिहायची?

महाराष्ट्र शासनाने २०२० साली पक्षी सप्ताह जाहीर केला, तो ५ ते १२ नोव्हेंबर असा. पहिली तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सलीम अलींच्या. महाराष्ट्र पक्षिमित्र संघटनेने ही मागणी बरीच वर्षं लावून धरली होती. आता त्या आठवड्यात अमरावतीत वडाळी, छत्री तलाव, मालखेड अशा पाण्यांच्या काठी पहाटे गळ्यात दुर्बिणी अडकवलेली पोरं दिसतात. सप्ताह सुरू होतो एका लेखकापासून आणि संपतो एका शास्त्रज्ञापाशी. मधल्या दिवसांचे कार्यक्रम मात्र ठरलेले असतात: सकाळी पक्षिगणना, दुपारी शाळेत चित्रकला किंवा निबंधाची स्पर्धा. सकाळच्या याद्या जपून ठेवल्या जातात, कुठेतरी नोंदवल्या जातात. दुपारची चित्रं भिंतीवर लागतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जागा हवी म्हणून उतरतात. सकाळचं ते काम आणि दुपारची ती करमणूक, असं कुणी म्हणत नाही, पण सगळे तसं धरून चालतात.

माझं भांडण या धरून चालण्याशी आहे. पण त्याहून जास्त ते त्या गोड बोलणाऱ्या मंडळींशी आहे, जी व्यासपीठावरून सांगतात की कला आणि विज्ञान शेवटी एकच, दोन्ही सत्याचाच शोध घेतात. तसं नाही. दोन्हींचे नियम वेगळे आहेत आणि ते वेगळे राहण्यातच दोघांचा फायदा आहे. एका माणसाने दोन्ही करावं, जरूर करावं, निवृत्तीची वाट न बघता करावं. पण वाचकाला प्रत्येक पानावर कळलं पाहिजे की आपण आत्ता कुठल्या नियमाखाली वाचतो आहोत.

चितमपल्लींपासून सुरुवात करू. जन्म १९३२, सोलापूरचा. कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकून वनखात्यात आले आणि आयुष्यातली बहुतेक कामाची वर्षं विदर्भात काढली. नवेगाव बांध, नागझिरा, आणि आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत असलेला मेळघाट. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात त्यांनी वरिष्ठ पदावर काम केलं. १९९० मध्ये ते निवृत्त झाले. २००६ साली सोलापूरलाच भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ ही पुस्तकं घराघरात आहेत. मृगपक्षिशास्त्र हा हंसदेवाचा जुना संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, आणि पक्षिकोशासारखं किचकट, डोळे फोडणारं कामही केलं. कादंबरीकाराला कोश करावासा वाटत नाही आणि कोशकाराला ललित लिहिता येत नाही, असा आपल्याकडचा सर्वसाधारण अनुभव. या माणसाने दोन्ही केलं. खात्यातल्या फायलींचा ढीगही उपसला.

त्यांच्या लेखनाबद्दल बोलताना लोक ‘अरण्यऋषी’ म्हणतात आणि हात जोडतात. हे विशेषण मला आवडत नाही. ऋषीला कुणी प्रश्न विचारत नाही. त्यांनी जे साधलं ते तपश्चर्येपेक्षा कारकुनीच्या जास्त जवळचं होतं: रोज लिहायचं, दिवसाचं त्या दिवशी लिहायचं, सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. वन अधिकाऱ्याला दौऱ्याची दैनंदिनी ठेवावीच लागते. कुठून निघालो, कुठे पोचलो, किती किलोमीटर, काय तपासलं, कुठल्या कूपात, म्हणजे तोडीच्या पट्ट्यात, किती तोड झाली. त्या दैनंदिनीत रान असतं, पण रानातला वेळ नसतो. नवेगावच्या तळ्यावर पाखरं उतरताना आधी कुठली उतरतात, मागाहून आलेल्यांना जागा कोण देतं, कोण देत नाही, हे त्या रकान्यांत बसत नाही. बसत नाही म्हणून ते घडत नाही असं थोडंच आहे? चितमपल्लींची ललित पुस्तकं ही बऱ्याच अंशी त्या न बसलेल्या गोष्टींची वही आहे. माधवराव पाटील डोंगरवारांसारखा जाणता सोबती, गोंड-कोरकू वाटाडे, खात्यातले रखवालदार यांच्याकडून मिळालेलं ते ज्ञान सरकारी दप्तरात कधीच शिरलं नसतं.

इथे शास्त्राच्या बाजूचा माणूस म्हणेल: ठीक आहे, हे रंजक आहे, पण याला निरीक्षण म्हणायचं तर आकडा कुठे आहे? पुन्हा करून बघता येईल अशी पद्धत कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. पण शास्त्राचा स्वतःचा इतिहास जरा उलगडून बघितला तर त्यातही हीच रिकामी दिसणारी बैठक सापडते. सलीम अलींचं नाव पक्षिशास्त्रात पक्कं झालं ते किहीमच्या सुगरण पक्ष्यांमुळे. १९३० च्या पावसाळ्यात, हाती नोकरी नसताना, अलिबागजवळच्या या गावी ते घरट्यांच्या वसाहतीसमोर तासन्‌तास बसून राहिले. नर घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत राहते, आणि मग हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात हे छापून आलं. त्यात उपकरण काही नव्हतं. होता तो बसून बघायचा चिवटपणा, जो चित्रकाराला आणि कवीला लागतो.

आता याच पक्ष्यावर मराठीतली सर्वांत लाडकी कविता बहिणाबाई चौधरींची आहे. तिच्यात खोपा विणते ती आई, पिल्लांसाठी जीव टांगणारी. सलीम अलींच्या वहीत विणतो तो नर, आणि त्याच्या विणण्यामागचा हेतू फारसा वात्सल्याचा नाही. कोण खरं? दरवर्षी एखादा हुशार विद्यार्थी वर्गात हे विचारतो आणि बाई ओशाळतात. ओशाळायचं कारण नाही. बहिणाबाईंनी चोचीची कारागिरी आणि टांगलेल्या घराची जोखीम इतकी नेमकी पाहिली आहे की ती कविता वाचलेला माणूस बाभळीवरचं घरटं बघायला थांबतो. थांबलाच नाही तर नर की मादी हा प्रश्न त्याला पडेल कसा? कवितेने चूक केली नाही. चूक तेव्हा होते जेव्हा आपण ती कविता विज्ञानाच्या तासाला पुरावा म्हणून वापरतो, किंवा उलट, सलीम अलींचा शोध हातात घेऊन कवितेला नापास करतो.

म्हणजे कल्पना करणं हा गुन्हा नाही. गुन्हा कुठे सुरू होतो हे आपल्याच सातपुड्यातल्या एका घुबडाने दाखवून दिलं आहे, आणि त्याची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

रानपिंगळा. ह्यूम या ब्रिटिश पक्षिअभ्यासकाने १८७३ मध्ये शास्त्रीय नाव देऊन त्याचं वर्णन केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मात्र एक नोंद मागाहूनची होती: रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीजवळ एक रानपिंगळा मारल्याची. शोधणारे त्या नोंदीवर विसंबले. भलत्या जागी, भलत्या प्रकारच्या रानात पाय झिजवले. शेवटी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह लंडनच्या संग्रहालयातला तो नमुना तपासला. क्ष-किरणांनी आतली शिवण पाहिली. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. कर्नलसाहेबांनी चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावली होती. खोटी नोंद बाजूला काढली आणि खऱ्या नोंदी धरून शोध सुरू झाला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ बेन किंग, रासमुसेन आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. पुढच्या काही वर्षांत अभ्यासकांना तो मेळघाटात चांगल्या संख्येने सापडला, आणि आज त्याच्या उरलेल्या ठिकाणांत मेळघाट फार महत्त्वाचं मानलं जातं. चिखलदरा-सेमाडोहच्या लोकांच्या डोक्यावर तो सगळा काळ बसलेलाच होता.

माइनर्ट्‌झहागेन हा लेखक म्हणूनही वाचला जायचा. त्याच्या रोजनिशा, आठवणी, मोहिमांची वर्णनं गाजली होती. आणि सलीम अली १९३७ साली अफगाणिस्तानच्या मोहिमेवर याच माणसाबरोबर गेले होते! कर्नलला गोष्ट रचण्याची हौस होती आणि त्याने ती गोष्ट कादंबरीत लिहिली असती तर कुणाचं काही गेलं नसतं. त्याने ती संग्रहालयातल्या नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिली. ती चिठ्ठी वाचणारा माणूस एका कराराखाली वाचत असतो: इथे लिहिलेली तारीख ही तारीखच आहे, गाव हे गावच आहे. त्या कराराशी केलेली फसवणूक रानपिंगळ्याला महागात पडली, कारण ज्या पक्ष्याचा पत्ता चुकीचा लिहिलेला आहे त्याचं रान वाचवा असं कुणाला सांगणार?

हाच करार चित्रालाही लागू होतो. ज्याने ‘इकॉलॉजी’ (परिसरशास्त्र) ही संज्ञा १८६६ मध्ये घडवली तो अर्न्स्ट हेकेल स्वतः अप्रतिम चित्रकार होता. समुद्री जीवांची त्याची चित्रं १९०४ मध्ये पुस्तकरूपाने पूर्ण झाली आणि युरोपातल्या वास्तुकारांनी ती डोक्यावर घेतली. पण त्याच्याच हाताने भ्रूणांची चित्रं काढताना वेगवेगळ्या प्राण्यांतलं साम्य आपल्या सिद्धान्ताला सोयीचं होईल एवढं वाढवलं, आणि त्यावरून तो हयातीतच टीकेचा धनी झाला. तोच हात, तीच पेन्सिल. पहिल्या चित्रांत सममिती जरा जास्त सुबक झाली तर ते सौंदर्य ठरलं, दुसऱ्या चित्रांत ती लबाडी ठरली. परिसरशास्त्राच्या जन्मापासून चित्र आणि पुरावा यांची ही गाठ त्याच्याबरोबर आहे, एवढंच इथे लक्षात घेऊ.

आता मेळघाटातल्या मचाणावर येऊ. पूर्वी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची प्रगणना व्हायची. उन्हाळा भर चढलेला, नाले आटलेले, चांदणं लख्ख. पाण्यावर येईल ते जनावर टिपायचं आणि सकाळी आकडा कळवायचा. वाघांसाठी निराळी पद्धत होती, पाऊलखुणांची. रखवालदार काच ठेवून तिच्यावर पंज्याची रेघ ओढायचा, नाहीतर प्लास्टर ओतून ठसा घ्यायचा. एका अर्थाने ते चित्रच, आणि चांगला हात असलेल्या रखवालदाराचं चित्र खरोखर चांगलं असायचं. पण रेघ ओढणारा हात बदलला की वाघ बदलायचा. राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं, तोवर कागदावर ते जिवंत होते. त्यानंतर कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र आलं, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जाऊ लागला, आणि पाऊलखुणांची मोजणी मागे पडली. पौर्णिमेच्या रात्रीचं काय करायचं? वनखात्याने ती बंद केली नाही. तिचं नाव बदललं. आता ती ‘निसर्गानुभव’ असते. माणसं अर्ज करतात, पैसे भरतात, मचाणावर रात्र काढतात, काय दिसलं ते लिहून देतात, आणि खातं दरवर्षी स्पष्ट सांगतं की ही गणना नाही.

खात्याने केलेल्या चांगल्या गोष्टींची यादी लोक सहसा करत नाहीत, पण हे नामांतर मला फार शहाणपणाचं वाटतं. तीच रात्र, तेच मचाण, तोच भेकराचा इशारा. फक्त तिच्यावर लादलेलं खोटं ओझं उतरवलं. आकडा देण्याची सक्ती गेली आणि माणूस मोकळा झाला. कॅमेऱ्याला वाघाचे पट्टे दिसतात. अस्वल पाण्यावर यायच्या आधी सगळं रान कसं आखडतं ते मचाणावरच्या माणसाला कळतं. दोन्ही कामं एकाच प्रकल्पात, पण दोन वेगळ्या नोंदवह्यांत चालली आहेत.

चितमपल्लींच्या बाबतीत हे नामांतर आपण केलं नाही, आणि इथे मला थोडं कडू बोलावं लागेल. मे महिना आला की आपल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर एक बातमी हमखास येते: कावळ्याने घरटं कुठल्या झाडावर आणि किती उंचीवर बांधलं, त्यावरून यंदाचा पाऊस. खाली आधाराला बहुधा चितमपल्लींचं नाव. पाखरांच्या वागण्यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या लोकसमजुती त्यांनी लिहिल्या, सांगितल्या, आणि कधी कधी अशा सुरात सांगितल्या की ती समजूत आहे की निष्कर्ष आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये. ‘निळावंती’सारख्या आख्यायिकेभोवती त्यांनी लिहिलं तेव्हाही हे धुकं होतं, पण ती आख्यायिका आहे हे निदान नावावरून कळतं आणि तिच्यावर कुणी पेरणी करत नाही. पावसाच्या अंदाजावर करतात.

वऱ्हाडात हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठला दाणा कुठे सरकला त्यावरून पावसाचं, पिकाचं, अगदी राजकारणाचंही भाकीत ऐकायला हजारो शेतकरी जमतात. एक विधी म्हणून, धान्याच्या मांडणीची कला म्हणून ती देखणी आहे, आणि वऱ्हाडात काय काय पिकत आलं त्याची आठवणही तिच्यात साठलेली आहे. पण कपाशीचं आणि सोयाबीनचं बियाणं आज उधारीवर घेतलं जातं. पहिल्या सरीला पेरून मागून ओढ बसली की दुबार पेरणी, आणि दुबार पेरणीचा अर्थ यवतमाळ-अमरावतीच्या माणसाला फोडून सांगावा लागत नाही. तिथे सुंदर गोष्ट आणि खरा अंदाज यांच्यात फरक केला नाही तर किंमत शेतकऱ्याने मोजायची असते. लेखकाची रॉयल्टी काही परत जात नाही.

पण म्हणून कावळ्याची ती समजूत टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती तपासायची. कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला हे जमण्यासारखं आहे: मेमध्ये अमरावती-अकोला परिसरातली कावळ्यांची घरटी नोंदवा, झाड, उंची, दिशा लिहा, दहा पावसाळे हे सोडू नका, आणि हवामान खात्याच्या पावसाच्या आकड्यांशी पडताळा. जमलं तर मोठा शोध. नाही जमलं तर तेही छापा, खाली चितमपल्लींचं नाव आदराने घालून, कारण प्रश्न त्यांनी हातात ठेवला. लेखकाच्या वहीतल्या नोंदीची अशी परीक्षा होणं हा तिचा अपमान नाही. तिला कुणी गंभीरपणे घेतलं याची ती खूण आहे. आपण मात्र त्यांना ऋषी म्हणतो आणि परीक्षा टाळतो. भक्ती ही दुर्लक्षाची फार सोयीस्कर तऱ्हा आहे.

दुसऱ्या बाजूला, नुसत्या आकड्यांनी काय होतं तेही मेळघाटाने भोगलं आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. १९९३ नंतर तो बालमृत्यूंच्या बातम्यांनी देशभर पोचला. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला मेळघाट दोन आकड्यांनी माहीत आहे: वाघ किती, आणि कुपोषणाने दगावलेली पोरं किती. दोन्ही आकडे खरे, आवश्यक, आणि त्यांच्यासाठी भांडायलाच हवं. पण या दोन आकड्यांच्या मधे राहणारा कोरकू माणूस त्यांत दिसत नाही.

सागाचंच बघा. वनखात्याच्या दप्तरात साग म्हणजे घनमीटर, गोलाई, कूप, लिलाव. कोरकूंच्या रिवाजात मृताच्या नावाने लाकडी स्मृतिस्तंभ कोरतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा स्वार. तो सागाचा असतो आणि वर्षानुवर्षं ऊनपावसात उभा राहतो. होळीच्या फगव्याला मेघनाथाचा खांब उभारतात, त्यालाही रानातलंच लाकूड लागतं. कुठलं लाकूड कोरायला बरं, कुठलं वाळवी खात नाही, स्तंभासाठी झाड कसं निवडायचं, हे त्या कोरणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतं. ही वनस्पतिशास्त्राची माहिती आहे की कला? कोरकूंना हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडतो, कारण आपल्या कपाटात दोन वेगवेगळे खण आहेत आणि मुंडा कुठल्याच खणात नीट मावत नाही. आपण त्याला वस्तुसंग्रहालयात पाठवतो आणि खाली ‘आदिवासी कला’ लिहितो. सागाचं शास्त्र त्या पाटीत येत नाही.

अकोला-वाशिमच्या माळरानांवर तर याहून अवघड प्रसंग आहे. तणमोर हा पक्षी तिथला पावसाळी पाहुणा. नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो, खाली पडतो, आणि दिवसभर हेच करत राहतो, मादीला दिसावं म्हणून. देशभर त्याची संख्या घटली आहे, कारण माळ नांगरले गेले. तो कुठल्या गवतात उतरतो हे सर्वांत चांगलं ठाऊक होतं फासेपारध्यांना, ज्यांच्या आज्यापणज्यांनी त्याला फाशात धरलं. गेल्या काही वर्षांत याच समाजातल्या माणसांनी अभ्यासकांना बरोबर घेऊन त्याचे अधिवास शोधायला आणि गवत राखायला हातभार लावला. फासेपारध्याच्या गळ्यात तितराची हाक असते. ती इतकी हुबेहूब, की तितर उत्तर देतो. नकलेची ही कला पोट भरण्यासाठी शिकलेली, आणि तिच्यात पक्ष्याच्या वर्तनाचं जे ज्ञान आहे ते कुठल्याही प्रबंधात येत नाही. प्रबंधात शेवटी आभाराच्या पानावर ‘स्थानिक मार्गदर्शकांचे सहकार्य’ असा शब्दप्रयोग येतो आणि विषय संपतो.

म्हणून निवृत्त शास्त्रज्ञ कवी झाला, चित्रकार झाला की आपण त्याचं जे कौतुक करतो त्यात मला थोडी अडचण वाटते. कौतुक योग्य आहे, पण त्याच्या कवितेतलं रान बरेचदा दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून आलेलं असतं. चितमपल्लींनी निदान नावं लिहिली. माधवराव पाटलांना त्यांच्या पुस्तकांत स्वतःचा आवाज आहे. ही सवय पुढच्यांनी उचललेली नाही. व्यंकटेश माडगूळकरही नागझिऱ्याला जाऊन राहिले, लिहिलं, चित्रंही काढली. त्यांच्याही पानांत सोबत्यांना चेहरे आहेत. आजच्या छायाचित्रांच्या देखण्या पुस्तकांत वाघाला नाव असतं, जिप्सीच्या पुढच्या सीटवर बसून तो शोधून देणाऱ्याला नसतं.

आणि निवृत्तीच का? चितमपल्लींनी पहिली पुस्तकं नोकरीत असतानाच लिहिली, तरी आपल्या मनात चित्र कायम आहे: आधी साठीपर्यंत शिस्तीत काम करायचं, मग मोकळं झाल्यावर मनातलं लिहायचं. वनखात्यात, कृषी विद्यापीठांत, महाविद्यालयांत हेच गृहीत. प्राध्यापकाच्या बढतीला शोधनिबंध मोजला जातो, ललित लेख मोजला जात नाही. तो लिहिला तर विभागात दोन सहकारी हसतात, ‘साहेबांना वेळ बराच मिळतो’. परिणाम असा होतो की बघण्याच्या भरात असलेली, पाय धड असलेली पंचवीस-तीस वर्षं आकड्यांतच जातात, आणि लिहायला बसतो तेव्हा हाती उरते ती आठवण. आठवण ही फार वाईट नोंदवही आहे. ती रानाला हिरवं करते, वाघाला मोठं करते, आणि सोबत असलेल्या माणसाचं नाव विसरते. निवृत्तांच्या निसर्गलेखनात जो एक गुळचट सूर ऐकू येतो त्याचं मूळ भावुकतेत कमी आणि उशिरात जास्त आहे.

तरुण अभ्यासकाची अवस्था आणखी निराळी. त्याच्यापाशी कॅमेरा ट्रॅपची हजारो छायाचित्रं असतात, ती संगणकावर चाळण्यात त्याचे महिने जातात, आणि पाणवठ्यावर बसायला त्याला कुणी रजा देत नाही. त्याला रानात जितकं दिसतं त्यापेक्षा पडद्यावर जास्त दिसतं. पद्धत अचूक आहे, यात वाद नाही. पण किहीमला बसलेल्या सलीम अलींना जो प्रश्न सुचला तो पडद्यावर सुचेल का, याबद्दल मला शंका आहे. कॅमेरा ज्या गोष्टीसाठी लावला त्याच गोष्टीचं उत्तर देतो.

विद्यापीठांत आंतरविद्याशाखीय म्हणून एक शब्द गेली काही वर्षं फार फिरतो. त्यातून बहुधा एक परिषद होते, एक स्मरणिका निघते आणि जेवण चांगलं असतं. त्यापेक्षा साधं काही करता येईल. अमरावती, अकोला, परतवाडा, धारणी इथे निवृत्त वनाधिकारी आहेत, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत, पक्षिमित्र आहेत. त्यांच्या घरी दैनंदिन्या, चाळीस वर्षांच्या याद्या, रेखाटनं, चिठ्ठ्या आहेत. माणूस गेला की पोरं घर आवरतात आणि ते सगळं रद्दीत जातं. ते आत्ता, माणूस समोर असताना, गोळा करावं. प्रत्येक वही दोनदा वाचावी. एकदा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने, तारीख, गाव, पक्षी, संख्या वेगळी काढत; एकदा मराठीच्या विद्यार्थ्याने, सांगणाऱ्याचं नाव, त्याची हाक, त्याची गोष्ट वेगळी काढत. मग दोघांनी एका टेबलाशी बसून ठरवावं की कुठली ओळ कुणाच्या वहीत जाते. कावळ्याच्या घरट्यावरून ते भांडतील. भांडू द्यावं. रानपिंगळ्याची एखादी जुनी, तारखेसकट लिहिलेली, कुणी न वाचलेली नोंद त्यातून निघाली तर ती दोघांच्या नावावर छापावी, आणि त्या दिवशी दैनंदिनीकाराबरोबर सेमाडोहच्या नाल्यात कोण कोरकू गडी होता ते वहीत असेल तर तिसरं नाव त्याचं.